मालक येईपर्यंत

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर, फुटपाथला लागून, महापालिकेने बसवलेला एक लोखंडी सायकल स्टँड आहे. त्यात तीसेक सायकली मावतात. शाळेची मुले, समोरच्या वाचनालयात येणारे वृद्ध, बाजारात येणारे मजूर, सगळेच तिथे सायकली लावतात. कोणी पावती देत नाही, कोणी पैसे घेत नाही. स्टँड सर्वांचा आहे, म्हणून त्याची काळजी कोणालाच नाही. या स्टँडवर राहून गेलेल्या एका सायकलीविषयी मला लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही तो किरकोळ वाटला होता आणि म्हणूनच माझ्या हातून चूक झाली.

आमचे शहर यंत्रमागांचे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार इथे लूम चालवतात. त्यांची मुले आमच्या उर्दू शाळेत शिकतात. 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. लूम बंद पडले, हप्ता मिळेना, खानावळी बंद झाल्या. मे महिन्यापर्यंत लोकांनी कशीबशी कळ काढली आणि मग मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. काही पायी गेले, काही सायकलवर गेले. ज्यांना ट्रकमध्ये उभे राहायला जागा मिळाली, त्यांना सायकल मात्र सोबत नेता आली नाही.

शाळा पुन्हा नीट भरू लागली तेव्हा स्टँडवर सात सायकली अशा होत्या की ज्यांना कोणी हात लावत नव्हते. त्यांतली एक आठवीतल्या एका मुलाची होती. मला ती ओळखता आली, कारण त्याने चेनकव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने उर्दूत स्वतःचे नाव लिहिले होते. नून जरा मोठा झाला होता आणि मी त्याला त्यावरून वर्गात चिडवलेही होते. तो मुलगा परत आला नाही. सायकल साखळीने बांधलेली तशीच उभी राहिली. आधी तिची घंटी गेली. मग सीट गेली. एका पावसाळ्यानंतर मागचे चाक बसले आणि आरे गंजले. रोज जाता-येता मी हे पाहत होतो. सायकल माझी नव्हती, म्हणून मी काही केले नाही.

2022 च्या उन्हाळ्यात महापालिकेच्या माणसाने स्टँडवर कागद चिकटवला. सात दिवसांत सायकली उचलल्या नाहीत तर जप्त करू, असे त्यावर लिहिले होते. कागद मराठीत होता आणि ज्यांच्यासाठी होता ते हजार-दीड हजार किलोमीटर दूर होते. आमच्या शिपाईचाचांनी मला विचारले, “सर, भंगारात जाण्यापेक्षा आपणच घेऊ या का?” त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. ती वस्तीच्या पलीकडून तीन किलोमीटर चालत यायची आणि उन्हाळ्यात तिची गैरहजेरी वाढायची. आम्ही कुलूप कापले. सीट, दोन्ही टायर, ब्रेकचे रबर मिळून साडेसहाशे रुपये खर्च झाला. तो मी केला. मुलीच्या वडिलांनी सायकलला निळा रंग दिला. चेनकव्हरवरचे नाव त्या रंगाखाली गेले. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, मोठ्या सवाबचे काम केलेत. मलाही तसेच वाटले.

जून 2023 मध्ये तो मुलगा वडिलांबरोबर शाळेचा दाखला न्यायला आला. उंच झाला होता, ओठांवर मिसरूड फुटली होती. दाखला तयार होईपर्यंत तो फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि स्टँडकडे पाहत राहिला. निळी सायकल त्या वेळी तिथेच होती. त्याने ती ओळखली की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने विचारले नाही. वडील एवढेच म्हणाले, “सब यहीं रह गया, सर.” मी मान हलवली, दाखल्यावर सही घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना निरोप दिला. सायकलीबद्दल एक शब्दही बोललो नाही.

त्या रात्रीपासून मी स्वतःला विचारतो आहे, की मी नेमके काय केले होते? चोरी केली नव्हती. सायकल तिथेच राहिली असती तर ती भंगारात वजनावर गेली असती, हेही खरे. एका मुलीची शाळा टिकली, हेही खरे. मग मनाला टोचत काय होते?

सापडलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न आपल्या फिकहमध्ये फार जुना आहे. त्याला लुक्ता म्हणतात. जैद इब्न खालिद अल-जुहनी यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा. एका माणसाने सापडलेल्या वस्तूविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला सांगितले, की तिची थैली आणि बांधलेली दोरी नीट ओळखून ठेव, मग वर्षभर तिची जाहिरात कर. मालक आला नाही तर तुला ती वापरता येईल, पण तो आला तर त्याची त्याला दे. मग त्याने हरवलेल्या शेळीविषयी विचारले. तिला घेण्याची परवानगी मिळाली, कारण तू घेतली नाहीस तर तुझा भाऊ घेईल किंवा लांडगा खाईल. पण त्याने उंटाविषयी विचारताच प्रेषितांचा चेहरा रागाने लाल झाला. उंटाशी तुझा काय संबंध? त्याचे पाणी त्याच्याजवळ आहे, पाय त्याच्याजवळ आहेत, मालकाची गाठ पडेपर्यंत तो स्वतःला सांभाळेल.

मदरशात न शिकलेल्या माझ्यासारख्याला या हदीसमध्ये जे दिसते ते असे: वस्तू घ्यायची की नाही हे वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. आपण तिला हात लावला नाही तर तिचे काय होईल, यावर ते ठरते. सायकल पहिल्या नजरेला उंटासारखी वाटते. चारा मागत नाही, पाणी मागत नाही, लावली तिथे उभी राहते. पण एक पावसाळा जाऊ द्या. सार्वजनिक स्टँडवरची सायकल शेळीच असते आणि लांडगा बाहेरून येत नाही. घंटी काढणारा, सीट उपसणारा, पुढचे चाक खांद्यावर टाकून नेणारा आपल्याच गल्लीतला असतो. तेव्हा ती उचलून सुरक्षित ठेवणे चूक नव्हते. उलट दोन वर्षे मी नुसता पाहत राहिलो, ती चूक असावी.

पण इथे एक अडचण आहे. ती सायकल हरवलेली नव्हतीच. मालकाने ती जाणूनबुजून, साखळी लावून, ठरलेल्या जागी ठेवली होती आणि ती कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. हरवला होता तो मालक. फिकहमध्ये यासाठीही शब्द आहे, मफकूद. म्हणजे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो. हनफी फिकहने त्याच्या मालाबाबत कमालीची सावधगिरी बाळगली आहे. स्वतःच्या मालापुरता तो जिवंत मानला जातो. त्याच्या वारसांतही तो माल वाटता येत नाही. काझी त्याची देखभाल करणारा नेमतो आणि जे नासण्यासारखे असेल ते विकून त्याची किंमत जपून ठेवतो. याच मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोलाही जवळजवळ जन्मभर वाट पाहावी लागे. तो अन्याय दूर करायला आपल्या उलेमांनी मालिकी मताचा आधार घेतला आणि 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली. म्हणजे जिवंत माणसाचे आयुष्य अडकते तिथे वाट पाहण्याला मर्यादा घालावी लागते, हे आपल्या परंपरेने मान्य केले. पण अनुपस्थित माणसाला हक्कच उरत नाही, असे तिने कधी म्हटले नाही.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे आणि ते मी डावलू शकत नाही. स्टँडची जागा सर्वांची. सात सायकली वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या तर सात मुलांनी सायकली कुठे लावायच्या? रस्त्यावर. मग अपघात होतो तो त्यांचा. वाटेतला अडथळा दूर करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्याला पहिल्या सफेत रुमाल टाकून बाहेर गप्पा मारत उभे राहणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रुमालाचा मालक आहे, पण रुमालाखालच्या जागेचा तो मालक नाही. सायकलीचेही तसेच आहे. सायकलीवरचा हक्क आणि स्टँडमधल्या जागेवरचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. दुसरा लवकर संपतो. पहिला इतक्या लवकर संपत नाही. आपण जागा मोकळी करायला जातो आणि त्याच हाताने मालकीही मोकळी करून टाकतो. गोंधळ तिथे होतो.

जिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत त्या नेदरलँड्समध्ये हा रोजचा प्रश्न आहे. तिथे अशा बेवारस सायकलीसाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ होतो अनाथ सायकल. ॲमस्टरडॅममध्ये पालिकेची माणसे अशा सायकलींवर चिठ्ठी अडकवतात. ठरलेल्या मुदतीत कोणी ती काढली नाही तर सायकल शहराच्या सायकल डेपोत जाते आणि तिथे ती सहा आठवडे मालकाची वाट पाहते. याशिवाय त्या शहराच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली काढल्या जातात. जपानने 1980 साली यासाठी कायदाच केला, कारण रेल्वे स्टेशनांबाहेर सायकलींचे ढीग साचू लागले होते. तिथे 1994 पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी बंधनकारक आहे. सायकलीवर क्रमांक असतो, क्रमांकावरून नाव सापडते आणि मालकाला कळवता येते. आपल्याकडेही एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. कर गेला त्याचे कोणाला दुःख नाही. पण बिल्ल्याबरोबर सायकलीचे नावगावही गेले.

अनाथ सायकल हा शब्द वाचला तेव्हा मी थबकलो. उर्दूत यतीम म्हटले की आपल्याला सूरह निसा आठवते. तिथे अनाथाचा माल गिळण्याविरुद्ध ताकीद आहे. अनाथ मोठा होऊन मागायला येईल, म्हणून त्याआधीच घाईघाईने खर्चून टाकण्याविरुद्धही ताकीद आहे. माल परत करताना साक्षीदार ठेवा, असेही सांगितले आहे. सायकल यतीम नसते, ती निर्जीव वस्तू. पण चौदा वर्षांचा जो मुलगा ती सोडून गेला, त्याचे त्या क्षणी सगळेच हिरावले गेले होते.

असे मालक एकदोन नव्हते. त्या वर्षी पंजाब, हरियाणातून सायकलवर निघालेले हजारो कामगार उत्तर प्रदेशात सहारनपूरला थांबवले गेले. तिथे त्यांना ठेवून घेतले आणि पुढे बस, रेल्वेने गावी पाठवले. सायकली तिथेच राहिल्या. बरेच जण नंतर येऊन आपापल्या घेऊन गेले. उरलेल्या सुमारे 5400 सायकलींचा 2022 मध्ये प्रशासनाने लिलाव केला आणि सुमारे 21 लाख रुपये आले. भागाकार केला तर एका सायकलीला चारशेपेक्षा कमी पडतात. बातमीबरोबर आलेली छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. मैदानभर सायकली आणि त्यांच्यात वाढलेले गवत. मला प्रशासनाला दोष द्यायचा नाही. दोन वर्षे वाट पाहणे ही काही छोटी गोष्ट नाही. पण चारशे रुपयांची सायकल आणायला बिहारच्या गावातून सहारनपूरला जायचे तर भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत त्याहून जास्त जातात. तो आला नाही. यावरून त्याने हक्क सोडला असे म्हणायचे की तो हक्क त्याला परवडला नाही असे म्हणायचे? सोडून देणे आणि सोडावे लागणे यांत फरक आहे. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात. गंजलेली साखळी, बसलेले टायर.

मग करायचे काय? उत्तर मला मुवत्तामध्ये नोंदलेल्या एका घटनेत सापडले. हजरत उमर यांच्या काळात भटक्या उंटांना कोणी हात लावत नसे. ते मोकळे फिरत, त्यांना पिल्लेही होत. हजरत उस्मान यांच्या काळात त्यांनी हुकूम दिला, की अशा उंटांची आधी जाहिरात करा, मग ते विका आणि मालक आला की त्याला किंमत द्या. प्रेषितांच्या वचनाच्या उलट वाटावा असा हा हुकूम. पण काळ बदलला होता, वस्ती वाढली होती आणि मोकळा उंट मालकापर्यंत पोहोचेल याची पूर्वीसारखी खात्री उरली नसावी, असे याचे कारण दिले जाते. वस्तू जपण्याची पद्धत बदलली, पण मालकाचा हक्क बदलला नाही. उंट गेला तरी उंटाची किंमत त्याच्या नावावर राहिली.

आपल्या देशाचा कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. 1872 च्या करार कायद्यात सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, ती विश्वासाने ठेवायला दिलेली असावी तशी जबाबदारी टाकली आहे. मालकाचा रीतसर शोध घेऊन तो सापडला नाही आणि वस्तूची बहुतेक किंमत नष्ट होण्याची भीती असेल, तर ती विकता येते. मालक शोधण्याचा प्रयत्न न करता वस्तू स्वतःची म्हणून वापरणे हा जुन्या दंडसंहितेतही गुन्हा होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. शरियत घ्या की कायदा घ्या, दोन्हीकडे पहिली पायरी एकच: शोध.

आणि मी नेमकी तीच पायरी गाळली होती. प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये त्या मुलाच्या वडिलांचा नंबर होता. कुलूप कापण्याआधी एक फोन करायला काय लागले असते? लागला नसता कदाचित. पण मी लावूनही पाहिला नाही. कारण मनात धरून चाललो होतो, की ते लोक आता येत नाहीत. ‘ते लोक’ या दोन शब्दांत मी त्यांना मफकूद करून टाकले होते. आपल्याविषयी जेव्हा कोणी ‘ते लोक’ म्हणते तेव्हा आपल्याला किती झोंबते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

हनफी फिकहमध्ये आणखी एक बारकावा आहे आणि माझ्या प्रकरणाचा निकाल त्यातच आहे. सापडलेली वस्तू मुदतीनंतर गरिबाला सदका म्हणून देता येते. पण नंतर मालक आला, तर निवड त्याची. तो म्हणू शकतो, मला मान्य आहे, मग सवाब त्याचा. किंवा म्हणू शकतो, मला मान्य नाही, मग ज्याने दिली त्याने भरपाई करायची. यातला न्याय पाहा. दुसऱ्याच्या मालातून केलेले दान हे दान करणाऱ्याचे नसतेच. मालकाने होकार दिला तरच ते दान होते आणि तेव्हाही पुण्य मालकाचे. जून 2023 च्या त्या दुपारी तो मुलगा माझ्यासमोर उभा होता. मी म्हणालो असतो, “बेटा, तुझी सायकल एक मुलगी चालवते आहे. तू सांग, काय करू?” तर कदाचित तो हसून म्हणाला असता, राहू द्या सर. मग आयुष्यात पहिल्यांदा तो देणारा झाला असता. किंवा म्हणाला असता, मला हवी आहे. तोही त्याचा हक्क होता. मी गप्प राहून त्याचे दोन्ही मार्ग बंद केले. सायकल देण्यात माझी चूक फार मोठी नव्हती. न विचारण्यात होती. त्याहून मोठी न सांगण्यात होती. मला सवाब ठेवून घ्यायचा होता आणि हिशेब द्यायचा नव्हता.

आता दाखल्याच्या अर्जावरचा नंबर मी अधूनमधून लावतो. तो बंद आहे. गावच्या पत्त्यावर एक पत्र टाकले, त्याला उत्तर नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारले, की त्या स्थितीत त्या सायकलीची किंमत काय झाली असती. तो म्हणाला, फार तर नऊशे. दुरुस्तीचा खर्च माझा मी केला, तो मी त्यातून वळता केला नाही. नऊशे रुपये एका लिफाफ्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवले आहेत. त्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, रजिस्टर नंबर आणि कशाचे पैसे आहेत ते मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे. हेडमास्तरांची आणि शिपाईचाचांची साक्षीला सही घेतली आहे. माझी बदली झाली किंवा मी राहिलो नाही, तरी कपाट उघडणाऱ्याला कळेल.

स्टँडसाठीही आम्ही एक पद्धत ठेवली आहे. महिनाभर न हललेल्या सायकलीला मराठी, उर्दू आणि हिंदीत लिहिलेली चिठ्ठी बांधायची. तिचा फोटो काढून फ्रेमवरचा क्रमांक वहीत लिहायचा. विद्यार्थ्याची असेल तर घरी फोन, मजुराची असेल तर आसपासच्या कारखान्यांत आणि मशिदीच्या फलकावर सूचना. मग सायकल आत घेऊन छपराखाली ठेवायची, म्हणजे स्टँडची जागा मोकळी होते आणि सायकलही वाचते. वर्ष झाल्यावर चार लोकांसमोर विकायची किंवा गरजूला द्यायची, पण किंमत वहीत मालकाच्या नावावर राहील. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ही वही दाखवून आम्ही अर्ज केला आहे, की जप्तीचा कागद लावण्याआधी एकदा आम्हाला विचारा. तिथल्या कारकुनाने अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाला, “सर, एवढ्या भंगारासाठी एवढं?”

दर जुम्याला आपण सूरह कहफ वाचतो. तिच्यात हजरत मूसा आणि हजरत खिज्र अशा एका गावात येतात, जिथे त्यांना कोणी जेवायलाही देत नाही. तरी खिज्र तिथली एक पडायला आलेली भिंत उभी करतात आणि मजुरी मागत नाहीत. त्या भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता. मुले मोठी होऊन तो काढतील तोपर्यंत भिंत टिकायला हवी होती. ठेवा काढून त्यांना देणे खिज्र यांच्यावर नव्हते. भिंत उभी ठेवणे एवढेच काम होते.

ती मुलगी आता दहावी होऊन कॉलेजात गेली. निळी सायकल तिच्या धाकट्या भावाकडे आहे. तिच्या वडिलांना मी सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, तो आला तर सायकलच देऊ. पैसे कशाला?” मी म्हणालो, ते त्याला विचारू. लिफाफा कपाटात आहे.